खेळ तोच, नियम नवे : फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर चिडणारी मुलं आणि आपण



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, "मास्तर, मुलांच्या हातातून मोबाईल सुटावा म्हणून आम्ही धडपडतोय आणि तुम्ही गेमवर निबंध लिहिताय?" तुमचं म्हणणं मला मान्य आहे. हा लेख गेम खेळा किंवा खेळू नका हे सांगण्यासाठी नाहीच. मुलं खेळतात हे आपण रोज बघतो. खेळता खेळता ती चिडतात, रडतात, फोन आपटतात, जेवणावरून उठतात. त्या चिडण्याच्या मुळाशी जे आहे, ते आपल्या वर्गाशी फार जवळचं आहे असं मला वाटतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत पाचवी ते सातवीला शिकवतो. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या नावांवर इथे घराघरांत वाद होतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठांमधलं वातावरणच बदलतं. अशा गावातली मुलं पडद्यावरचा खेळ निवडतानाही फुटबॉलच निवडतात, यात नवल काय? सकाळी मैदानावर आणि संध्याकाळी मोबाईलवर. पण मैदानावर हरलेला मुलगा तासाभरात विसरतो. मोबाईलवर मात्र तो कधी कधी आठवडाभर धुमसत राहतो. असं का होतं, हे शोधायला मी बसलो, तेव्हा त्याच्या तोंडून एकच वाक्य सारखं ऐकू आलं : "सर, त्यांनी गेमच बदलून टाकला."

नेमकं काय बदलतं?

ज्यांनी असे गेम कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये दोन नावं सर्वांत मोठी. एक 'फिफा'. ही मालिका इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे 'ईए' या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये सुरू केली. पुढे फिफा ही संघटना आणि कंपनी यांचा करार संपला आणि २०२३ पासून तोच गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येऊ लागला. दुसरं नाव जपानच्या कोनामी कंपनीचं 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'. जपानमध्ये त्याला 'विनिंग इलेव्हन' म्हणत. २०२१ मध्ये त्याचं 'ईफुटबॉल' झालं.

या मालिकेचा नवा भाग साधारण दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास येतो. आता विचार करा. खऱ्या फुटबॉलचे नियम तर तेच आहेत. अकरा खेळाडू, दोन गोल, नव्वद मिनिटं. मग दरवर्षी नवीन काय देणार? संघ नवे, कपडे नवे, चेहरे नवे. आणि एवढ्याने भागत नाही म्हणून खेळण्याची पद्धतच बदलली जाते. पळण्याचा वेग, पासचा जोर, गोलकीपरची चपळाई, बचाव करायची रीत. गेम इंटरनेटवर चालत असल्यामुळे वर्षाच्या मधेच एखादं अपडेट येतं आणि रात्रीतून हे सगळं कमी-जास्त होतं.

एक ठळक उदाहरण २०११ सालचं. 'फिफा १२' येण्याआधी बचाव करणं सोपं होतं. एक बटण दाबून धरलं की आपला खेळाडू आपोआप चेंडूवाल्याच्या अंगावर धावून जायचा. 'फिफा १२' मध्ये कंपनीने नवी रीत आणली. आता समोरच्याच्या पुढे योग्य अंतर ठेवून उभं राहायचं, वाट बघायची आणि नेमक्या क्षणी पाय घालायचा. खऱ्या फुटबॉलच्या दृष्टीने ही रीत जास्त बरोबर. कुठलाही प्रशिक्षक हेच सांगेल की, "उगाच झेप घेऊ नकोस, थांब." पण ज्यांनी वर्षानुवर्षं बटण दाबून धरायची सवय केली होती, ते पहिल्या सामन्यात उघडे पडले. त्यांचा बचावपटू चेंडू सोडून भलतीकडेच जाऊ लागला. ओरड झाली. कंपनीने मात्र एक शहाणपण केलं होतं : जुनी रीतही पर्याय म्हणून ठेवली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं उदाहरण २०१६ चं. 'फिफा १७' साठी कंपनीने गेमचं इंजिन बदललं. इंजिन म्हणजे ज्याच्या आधारावर पडद्यावरची सगळी हालचाल चालते तो सॉफ्टवेअरचा पाया. त्याच वर्षी पेनल्टी मारायची पद्धतही बदलली. खेळाडूची धाव आपणच सांभाळायची, दिशा द्यायची, जोर द्यायचा, आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत. आदल्या वर्षापर्यंत डोळे मिटून पेनल्टी मारणारे लोक चेंडू गोलच्या वरून भिरकावू लागले.

तिसरं उदाहरण सगळ्यात गाजलेलं. ३० सप्टेंबर २०२१ ला कोनामीने 'ईफुटबॉल' आणला. इंजिन नवं, नाव नवं, किंमत शून्य. पण गेम अर्धवट होता. खेळाडूंचे चेहरे विचित्र, हालचाल अडखळती, आणि चाहत्यांना अतिशय आवडणारी 'मास्टर लीग' त्यात नव्हतीच. जगभरातून टीका झाली आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. सुधारलेली आवृत्ती यायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. वीस-वीस वर्षं ही मालिका खेळणाऱ्या माणसांना त्या दिवशी काय वाटलं असेल? फुकट मिळालेल्या वस्तूवर एवढा राग का, असं कुणी विचारेल. पण त्यांनी गमावलेली गोष्ट पैशाने घेतलेली नव्हती. ती सरावाने मिळवलेली होती.

हाताला लागलेली सवय

आपण डी.एड.ला शिकलो ते आठवा. एखादं कौशल्य आधी डोक्यात असतं, मग सरावाने हातात उतरतं. एकदा हातात उतरलं की डोकं मोकळं होतं. सायकल चालवताना आपण तोल सांभाळायचा विचार करत नाही, गप्पा मारतो. मराठीत याला किती छान शब्द आहे : 'हात बसणे'. स्वयंपाकात हात बसतो, फळ्यावर अक्षराला हात बसतो, तसाच गेमच्या बटणांवरही हात बसतो.

आता बसलेला हात उठवायचा म्हटलं की काय होतं? आपल्यापैकी ज्यांनी मराठी टायपिंगचा जुना कळफलक शिकून नंतर इनस्क्रिप्ट शिकला, त्यांना विचारा. अगदी नव्याने शिकणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त त्रास झाला. कारण नवशिक्याला फक्त शिकायचं असतं, आपल्याला आधी विसरायचं असतं. बोट सवयीने जुन्या जागी जातं आणि भलतंच अक्षर उमटतं. काल जो ऑफिसात सगळ्यात वेगवान होता, तो आज नवख्याच्या मागे पडतो.

गेममध्ये नेमकं हेच होतं. बदलाचा फटका सगळ्यात जास्त कुणाला बसतो? जो सर्वांत जास्त खेळला त्याला. नवा मुलगा मजेत खेळतो, कारण त्याला जुनं माहीतच नाही. म्हणून जेव्हा एखादा मुलगा म्हणतो, "मला येत होतं, आता येत नाही," तेव्हा तो निमित्त सांगत असेलच असं नाही. बऱ्याचदा ती अगदी खरी माहिती असते.

यात आणखी एक चक्र आहे. एखादी चाल फार परिणामकारक आहे असं खेळाडूंना कळलं, की सगळे तीच वापरतात. मग हरणारे तक्रार करतात. कंपनी त्या चालीचा जोर कमी करते. मुलं याला 'नर्फ केलं' म्हणतात. 'नर्फ' म्हणजे स्पंजच्या गोळ्या सुटणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांचा ब्रँड. खरं हत्यार काढून घेऊन हातात स्पंजचं दिलं, असा त्याचा अर्थ. मग ती चाल ज्यांनी घोटून घोटून तयार केली होती ते ओरडतात. म्हणजे बदललं तरी तक्रार, नाही बदललं तरी तक्रार. कंपनीचं कामही वाटतं तितकं सोपं नाही, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

भाच्याने मला शिकवलेलं

माझा भाचा सातवीत आहे. कोल्हापुरात राहतो. मोबाईलवर फुटबॉलचा एक गेम खेळतो. गेल्या दिवाळीनंतर ताईचा फोन आला. "तू मास्तर आहेस न्हवं? तूच सांग ह्याला काय ते. चार दिवस झाले, धड जेवत नाही. आजीनं ओवाळणीचे पाचशे रुपये दिलेत, ते गेममध्ये घालतो म्हणून हटून बसलाय." मागून भाऊजींचा आवाज येत होता, "गेमच आहे, डिलीट कर की! कशाला एवढं?"

रविवारी मी गेलो. समजावायला गेलो होतो, पण आधी विचारलं, "काय बदललंय ते मला दाखव. मला त्यातलं काही कळत नाही." पोराचा चेहराच बदलला. चार दिवसांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी 'सोडून दे' सांगितलं होतं, 'काय झालं' कुणी विचारलं नव्हतं.

"मामा, अपडेट आलं आणि सगळी वाट लागली. पास जातच नाही. डिफेंडर झोपल्यात. लागोपाठ अकरा मॅच हरलोय. माझी रँक कुठल्या कुठं गेली. ते मुद्दाम हरवत्यात."

"आणि पाचशे रुपये कशाला?"

"नवीन प्लेअर घेतले की जिंकणार."

मी म्हटलं, "बरं. पण आजारी माणसाला औषध देण्याआधी डॉक्टर काय करतो? तपासतो. आपण गेम तपासू."

वही घेतली. तीन रकाने आखले. संध्याकाळी इंटरनेटवर खेळताना वीस पास, सकाळी इंटरनेटवर वीस पास, आणि इंटरनेट बंद ठेवून नुसत्या कॉम्प्युटरविरुद्ध वीस पास. प्रत्येक वेळी पास नीट गेला की नाही, एवढीच ताळ्याची खूण करायची. आपण तिसरी-चौथीला माहितीचं वर्गीकरण शिकवतो ना, अगदी तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा प्रयोगाचा नियम त्याला सांगितला. बाकी सगळं त्याने केलं. दोन दिवस लागले.

वही बोलू लागली. इंटरनेट बंद असताना बहुतेक पास नीट जात होते, फक्त बटण आधीपेक्षा थोडं जास्त वेळ दाबावं लागत होतं. सकाळी इंटरनेटवर थोडे कमी. संध्याकाळी मात्र अर्धेअधिक पास फसत होते. भाच्यानेच निष्कर्ष काढला, "म्हणजे मामा, पासचं बटण खरंच बदललंय. पण संध्याकाळी आपलं नेटपण मार खातंय. सगळे घरी असत्यात न्हवं त्या टायमाला."

बघा, 'मुद्दाम हरवत्यात' पासून तो कुठे आला! एका मोठ्या रागाचे त्याने तीन तुकडे केले. एक, गेम बदलला हे खरं. दोन, नेट अडखळतं हे खरं, पण त्यात गेमचा दोष नाही. तीन, डिफेंडरचं नवीन तंत्र त्याला अजून जमलेलं नाही. पहिल्यावर तक्रार करता येते, दुसऱ्यावर वेळ बदलता येते, तिसऱ्यावर सराव करता येतो. आणि या तिन्हींपैकी एकावरही पाचशे रुपयांचा उपाय चालत नाही, हे मला सांगावंच लागलं नाही.

मग आम्ही तक्रार लिहिली. पहिला मसुदा होता, "तुमचा गेम एकदम बेकार झाला आहे." मी विचारलं, "हे वाचून कंपनीतला माणूस काय दुरुस्त करेल?" तो हसला. दुसऱ्या मसुद्यात कोणतं अपडेट, कोणतं बटण, आधी काय होत होतं, आता काय होतं, आणि तुमची मागणी काय, असं सगळं आलं. शेवटी त्याने लिहिलं, "बदल करायचा असेल तर आधी सांगा आणि सरावासाठी थोडे दिवस द्या." हे वाक्य त्याचं स्वतःचं. मला तरी यापेक्षा चांगलं सुचलं नसतं.

उत्तर काय आलं? 'तुमचा अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे' अशा छापाचं आपोआप येणारं उत्तर. पास काही पूर्वीसारखा झाला नाही. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण असे लेख वाचताना शेवटी सगळं गोड होतं अशी आपल्याला सवय लागली आहे. भाचा अजून खेळतो, पण सकाळी आणि कमी. परवा म्हणाला, "मामा, नवीन जमतंय आता. पण जुनं भारी होतं ते भारीच होतं." मी त्याला यावर काहीही सांगितलं नाही. जुनं चांगलं होतं असं वाटत असतानाही नवं शिकता येतं. त्यासाठी जुन्याला नावं ठेवायची गरज नसते.

'सगळं आधीच ठरलेलं असतं'

"ते मुद्दाम हरवत्यात" हे वाक्य फक्त माझ्या भाच्याचं नाही. जगभरातले खेळाडू हा संशय घेत आले आहेत की, आपण जिंकत असलो की गेम आपले खेळाडू मुद्दाम संथ करतो, म्हणजे माणूस चिडून पैसे खर्च करेल. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात काही खेळाडूंनी ईएवर याबद्दल चक्क खटला भरला. समोरच्याच्या खेळाप्रमाणे काठिण्यपातळी आपोआप बदलण्याच्या एका तंत्राचं पेटंट कंपनीकडे होतं, त्यामुळे संशयाला आधार मिळाला होता. आमच्या गेममध्ये ते तंत्र वापरलं जात नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. कंपनीने तांत्रिक माहिती पुढे ठेवल्यावर २०२१ मध्ये खटला भरणाऱ्यांनी तो मागे घेतला.

मुलांना यातून काय सांगावं? 'कंपन्या चांगल्याच असतात' असं नक्कीच नाही. सांगावं ते एवढंच की संशय घ्यायला हरकत नाही, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. 'मला असं वाटतं' आणि 'मी असं मोजलं' या दोन वाक्यांतला फरक सातवीच्या मुलाला कळला, तर विज्ञानाचा निम्मा अभ्यासक्रम झाला म्हणा की.

मैदानावरचे बदल कसे होतात?

मुलं विचारतात, "सर, खऱ्या फुटबॉलमध्ये असं रात्रीतून बदलतात का?" या प्रश्नाचं उत्तर फार उपयोगी आहे. खऱ्या फुटबॉलचे नियमही बदलतात. १९९२ पर्यंत आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपर हाताने उचलू शकत होता. आघाडी मिळाली की संघ हाच उद्योग करून वेळ काढत. १९९० च्या विश्वचषकातल्या रटाळ खेळावर बरीच टीका झाली आणि १९९२ मध्ये तो नियम बदलला. सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू आता हातात घेता येणार नाही. ज्यांचं सगळं आयुष्य हाताने चेंडू पकडण्यात गेलं, त्या गोलकीपरना पायाने खेळायला शिकावं लागलं. सुरुवातीला अनेकांची तारांबळ उडाली. आज मात्र पायाने उत्तम खेळणारा गोलकीपर संघाला हवाच असतो.

म्हणजे बदल तिथेही दुखला. मग फरक कुठे आहे? फरक पद्धतीत आहे. फुटबॉलचे नियम ठरवणारं मंडळ १८८६ पासून आहे. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना एकेक मत आणि फिफाला चार मतं. आठांपैकी सहा मतं मिळाली तरच नियम बदलतो. चर्चा होते, आधी जाहीर होतं, मग सगळ्यांना एकाच वेळी लागू होतं. गेममध्ये मात्र मैदान, चेंडू, नियम आणि पंच सगळं एकाच कंपनीचं. खेळाडूला विचारायची सक्ती तिच्यावर नाही. नागरिकशास्त्राचा यापेक्षा जिवंत धडा कुठे मिळणार? 'ज्याला नियम पाळायचा आहे त्याला तो ठरवताना विचारलं पाहिजे का?' हा प्रश्न वर्गात टाकून बघा, तास कमी पडेल.

गेमच्या जगातही ओरड केल्याने काहीच होत नाही असं नाही बरं का. २०२५ मध्ये आलेल्या 'एफसी २६' मध्ये खेळाची दोन वेगवेगळी रूपं ठेवली आहेत. इंटरनेटवर एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्यांसाठी वेगवान, चटकन प्रतिसाद देणारं रूप आणि एकट्याने निवांत खेळणाऱ्यांसाठी खऱ्या सामन्याच्या जवळ जाणारं रूप. एकाच मापाचा शर्ट सगळ्यांना बसत नाही, हे कळायला इतकी वर्षं लागली.

आता आपल्या शाळेकडे येऊ

इथपर्यंत वाचताना तुमच्या मनात एक गोष्ट आलीच असेल. आपण शिक्षक तरी याहून वेगळं काय अनुभवतो? मूल्यमापनाची पद्धत बदलते, नोंदवह्या बदलतात, ॲप बदलतं, पुस्तक बदलतं. ज्या शिक्षकाचा हात जुन्या पद्धतीवर सगळ्यात पक्का बसलेला असतो, तोच पहिल्या दिवशी सर्वांत गोंधळलेला दिसतो आणि त्यालाच म्हणतात, "तुम्हाला बदल नको असतो."

२०१९ चा जून आठवतो? दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातलं संख्यावाचन. एकवीसला 'वीस एक', सदुसष्टला 'साठ सात'. केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रं, विधिमंडळ, चहाच्या टपऱ्या, सगळीकडे तोच विषय. बदलामागे कारण होतं. आपण 'एकवीस' म्हणताना एक आधी बोलतो आणि लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. लहान मुलाला हे उलटं पडतं, शिवाय जोडाक्षरं कठीण जातात. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं. जुनी नावं हद्दपार झालेली नव्हती, तीही होतीच. तरीसुद्धा लोक दुखावले. का? कारण पाढे म्हणत म्हणत जी नावं आपल्या जिभेवर बसली होती, ती आता कुणीतरी बाजूला सारतंय असं त्यांना वाटलं. बदल चुकीचा होता की बरोबर, यावर आजही दोन मतं असू शकतात. मला एवढंच म्हणायचं आहे की, तेव्हा आपल्याला जे वाटलं, नेमकं तेच आपल्या मुलाला अपडेटच्या दिवशी वाटतं. आपला राग 'संस्कृतीचा प्रश्न' आणि त्याचा राग 'नाटकं', असं कसं चालेल?

वर्गात घेतलेला एक उपक्रम

हा विचार मनात होता म्हणून मी सहावीच्या वर्गात एक उपक्रम घेतला. साधा आहे, साहित्य काही लागत नाही.

मैदानावर लंगडीचा डाव सुरू केला. पाच मिनिटांनी शिट्टी वाजवून सांगितलं, "आता डाव्याच पायाने लंगडी घालायची." कारण सांगितलं नाही. व्हायचं तेच झालं. लंगडीत पटाईत असलेली मुलं धडाधड बाद झाली आणि एरवी मागे राहणारी एक डावखुरी मुलगी सगळ्यांना पकडू लागली. निम्मी मुलं ओरडत होती, निम्मी हसत होती. एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, आधी सांगायचं की!"

दुसऱ्या दिवशी तोच बदल, पण वेगळ्या पद्धतीने. आधी वर्गात चर्चा केली : एकाच पायावर ताण का येऊ नये? मग ठरलं, दोन दिवस डाव्या पायाचा सराव, शुक्रवारी डाव. शुक्रवारीही काही जण बाद झालेच, पण ओरडलं कुणी नाही. मग फळ्यावर दोन रकाने केले, 'सोमवारी मला काय वाटलं' आणि 'शुक्रवारी मला काय वाटलं'. मुलांनी स्वतः शब्द दिले. सोमवारच्या खाली आलं : फसवणूक, राग, लाज, अन्याय. शुक्रवारच्या खाली : अवघड, मजा, पुन्हा करू. नियम एकच होता, हे लक्षात घ्या.

त्या डावखुऱ्या मुलीने सोमवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आनंद'. बाकीच्यांना वाटलं तिचं चुकलं. मी तिला वाचून दाखवायला सांगितलं. ती म्हणाली, "मला रोजच उजव्या पायाने खेळावं लागतं. सोमवारी पहिल्यांदा माझ्यासारखं झालं." वर्ग गप्प झाला. जुना नियमही कुणाला तरी टोचत असतो, हे मी भाषणात सांगितलं असतं तर पोचलं नसतं.

पालकांसाठी थोडंसं

१. मूल गेमवरून चिडलं तर पहिला प्रश्न "किती वेळ खेळलास?" हा नको. "काय बदललं?" हा विचारा. वेळेचं बोलणं नंतर होईलच, आणि ते जास्त ऐकलं जाईल.

२. 'बेकार', 'फालतू', 'चीटिंग' या शब्दांच्या जागी नेमकं वाक्य मागा. काय, कधी, किती वेळा? राग शब्दांत बसला की त्याचा आकार कळतो.

३. चिडलेल्या क्षणी पैसे खर्च करू देऊ नका. अशा खेळांत न बघता पॅक विकत घ्यायचा आणि आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर, असा प्रकार असतो. बेल्जियममध्ये असे पॅक जुगाराच्या कायद्यात बसतात असं तिथल्या यंत्रणेने २०१८ मध्ये ठरवलं आणि २०१९ च्या जानेवारीत ईएने तिथे फिफा गेमसाठीचे पॉइंट पैशाने विकणं थांबवलं. शिवाय अशा मालिकेत पुढच्या वर्षीचा गेम आला की जमवलेला संघ पुन्हा शून्यापासून उभा करावा लागतो. हा हिशोब मुलासमोर कागदावर मांडा. पाचशे रुपये भागिले किती दिवस?

४. रागाच्या भरात गेम डिलीट करू नका. त्याने आपण मुलाला तेच शिकवतो जे कंपनीने केलं : न विचारता, न सांगता, रात्रीतून बदल. घरातला नियम बदलायचा असेल तर जरूर बदला, पण आधी सांगा, कारण सांगा आणि जमवून घ्यायला चार दिवस द्या.

५. आणि कधी कधी मूल म्हणेल, "मला आता हा खेळच नको." तेही चालेल. सोडणं म्हणजे हरणं नव्हे. मैदान आहे, चेंडू आहे, आणि तिथे पाऊस सोडला तर कुठलंही अपडेट येत नाही.

शिक्षक मित्रांनो, पत्रलेखनाचा घटक शिकवताना 'तुमच्या भागातील अनियमित पाणीपुरवठ्याबद्दल तक्रार करा' हा विषय आपण कितीतरी वर्षं देतो आहोत. यंदा एकदा 'तुमच्या आवडत्या खेळातील न आवडलेल्या बदलाबद्दल पत्र लिहा' हा विषय देऊन बघा. मैदानावरचा खेळ असो वा मोबाईलवरचा, दोन्ही चालतील. पत्रात तीन गोष्टी हव्यातच : काय बदललं, त्याने काय झालं, आणि मागणी काय. एरवी चार ओळींवर अडणारी पोरं पान मागायला येतील. तुमच्या वर्गात काय काय निघालं, ते मला नक्की कळवा.